एम्बरचा राउटर आणि जागचा न हलणारा वरचा राउट

एम्बर जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या नेस्टेड, म्हणजे एकात एक बसवलेल्या राउट्सवर (राउट म्हणजे ॲपमधल्या पानाचा एक थर) लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण टीममधे कोणी नवीन आलं की पहिल्या महिन्यात प्रश्न ठरलेले असतात. वरच्या राउटचं मॉडेल, म्हणजे त्याचा डेटा, परत का लोड होत नाही? दुसऱ्या रेकॉर्डवर गेलो तरी एडिट मोड चालूच कसा काय राहतो? लोडिंगचं टेम्प्लेट बनवलंय तर ते कधी दिसतं कधी नाही, असं का? लॉगिनची तपासणी आतल्या पानावर होतच नाही, हा बग आहे का? चार माणसं चार प्रश्न घेऊन येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच काहीतरी वेगळा लोचा आहे, पण सगळ्याचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं.

(एम्बर अजून कोणी वापरतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: हो. फोरमचं सॉफ्टवेअर डिस्कोर्स एम्बरवर आहे, घोस्ट या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरची ॲडमिनची बाजू एम्बरमधे वाढली. नवीन प्रोजेक्ट कमी असतील, जुने भरपूर आहेत आणि ते कोणालातरी सांभाळावेच लागतात.)

उदाहरणासाठी एक वाचनालयाचं ॲप धरू. शहरभर चार शाखा, प्रत्येक शाखेत सभासद, आणि प्रत्येक सभासदाची देवघेव, म्हणजे कुठलं पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं, वर्गणी कुठपर्यंत भरली वगैरे. यूआरएल अशी दिसेल: /शाखा/3/सभासद/41/देवघेव. राउटर म्हणजे यूआरएलवरून कुठले राउट चालू करायचे ते ठरवणारा भाग; त्याच्या नकाशात शाखा राउट, त्याच्या पोटात सभासद, त्याच्या पोटात देवघेव. आणि सगळ्यांच्या वर ॲप्लिकेशन राउट, तो न लिहिताही असतोच.

आता पहिली गोष्ट. एम्बरमधे तुम्ही कधीच एका राउटवर नसता, तुम्ही एका साखळीवर असता. वरच्या यूआरएलवर असताना ॲप्लिकेशन, शाखा, सभासद, देवघेव हे चारही राउट एकाच वेळी चालू आहेत, चारही टेम्प्लेटं एकात एक, प्रत्येकाच्या आउटलेटमधे (आतल्या टेम्प्लेटसाठी ठेवलेल्या जागेत) पुढचं. यूआरएलच्या स्लॅशला नेस्टिंग समजणारे इथेच घसरतात. यूआरएलमधे स्लॅश असला म्हणून नेस्टिंग होत नाही आणि नेस्टिंग केलं म्हणून यूआरएल लांब व्हायलाच पाहिजे असंही नाही. नेस्टिंग म्हणजे स्क्रीनचं नेस्टिंग. खालचा राउट वरच्याच्या आत दिसणार असेल तरच नेस्ट करा. सभासदाचं एडिट पान सभासदाच्या माहितीच्या जागी यायला हवं असेल तर माहिती सभासदच्या टेम्प्लेटमधे ठेवू नका, सभासद.इंडेक्समधे ठेवा आणि सभासदच्या टेम्प्लेटमधे नुसतं आउटलेट ठेवा. इंडेक्स राउट प्रत्येक पातळीवर आपोआप तयार होतो, पुढे काही नसेल तेव्हाच तो लागतो, आणि निम्म्या लोकांना तो असतो हेच माहीत नसतं.

तर ट्रान्झिशन म्हणजे एक साखळी सोडून दुसरी धरायची. राउटर काय करतो, जुनी साखळी आणि नवी साखळी शेजारी शेजारी ठेवतो आणि वरून खाली बघत येतो. ॲप्लिकेशन तोच? तोच. शाखा तीच, आयडी 3 तोच? तोच. सभासद? आधी 41 होता, आता 42. इथे फाटा फुटला. या फाट्याच्या लगेच वर जो शेवटचा सारखा राउट असतो त्याला राउटरच्या कोडमधे पिव्हट म्हणतात. पिव्हट आणि त्याच्या वरचं सगळं जसंच्या तसं राहतं, मॉडेल हुक (डेटा आणायला राउटर ज्याला हाक मारतो ते फंक्शन) चालत नाही, कंट्रोलर (राउटची तात्पुरती स्थिती ठेवणारं ऑब्जेक्ट) हलत नाही, टेम्प्लेट परत काढलं जात नाही, साइडबारमधलं स्क्रोलसुद्धा जागेवर राहतं. पिव्हटच्या खालची मात्र सगळी मॉडेलं नव्याने, म्हणजे सभासद बदलला की त्याच्या पोटातला देवघेव राउट नावाने तोच असला तरी त्याचंही मॉडेल परत आणलं जातं, आणि ते बरोबरच आहे ना, 42 नंबरच्या सभासदाची देवघेव वेगळीच असणार.

बास, एवढंच. बाकी जे पुढे लिहितोय ते याचेच परिणाम.

हुकांचा क्रम बघू. पिव्हटच्या खालच्या प्रत्येक राउटसाठी बिफोर-मॉडेल, मॉडेल, आफ्टर-मॉडेल असे तीन हुक, आणि तिघांपैकी कोणीही प्रॉमिस (उत्तर नंतर येईल असं सांगणारं ऑब्जेक्ट) परत दिलं तर राउटर तिथे थांबतो. सभासदचे तिन्ही उरकल्याशिवाय देवघेवचा पहिला हुकसुद्धा सुरू होत नाही. आणि मुख्य म्हणजे हे चालू असताना स्क्रीनवर जुनंच पान असतं, जुने राउट अजून चालूच असतात. सगळी मॉडेलं हातात आली की मग एका दमात बदल होतो: आधी जुन्या साखळीतले नको झालेले राउट खालून वर बंद होत येतात, म्हणजे सर्वात आतला पहिला, त्यांचे डीॲक्टिव्हेट हुक त्याच क्रमाने लागतात, मग नवे राउट वरून खाली चालू होतात, ॲक्टिव्हेट, सेटअप-कंट्रोलर वगैरे. नवीन घराची किल्ली हातात पडेपर्यंत जुनं घर सोडायचं नाही, असा हा हिशोब आहे. मधेच कुठलं मॉडेल आणताना सर्व्हर आपटला तर जुनी साखळी शाबूत असते, अर्धवट पान कुठेच दिसत नाही. यूआरएलही शेवटीच बदलते.

हे असं कायम नव्हतं बरं का. 2013 साली 1.0 यायच्या काही महिने आधी राउटर प्रॉमिसवर आणला गेला, ॲलेक्स मॅचनीर यांचं ते काम, त्याआधी मॉडेल येण्याची वाट बघणं वगैरे तुमचं तुम्ही करायचं. आणि त्याच्याही आधीचा राउटर तर उघड उघड स्टेट मशीन होता, एन्टर, एक्झिट वगैरे शब्द आतल्या कोडमधे दिसतात ते त्या काळचे.

आता लिंक-टूचं, म्हणजे लिंक बनवायच्या एम्बरच्या सोयीचं. लिंकला मॉडेलचं अख्खं ऑब्जेक्ट दिलं तर मॉडेल हुक चालतच नाही, एम्बर म्हणतं तुझ्याकडे आहे ना वस्तू, मग मी कशाला परत आणू. बिफोर आणि आफ्टर चालतात, मधला गाळला जातो. आयडी दिला तर मात्र चालतो. यातून काय होतं की यादीतून क्लिक करून गेलात तर पान अर्धं रिकामं, आणि तेच पान रिफ्रेश केलं तर नीट भरलेलं, कारण यादीच्या एपीआयमधे सभासदाचं नाव आणि नंबर एवढंच येतं आणि पत्ता, अनामत रक्कम वगैरे फक्त मॉडेल हुकमधल्या कॉलमधे येतं. क्यूएवाले (टेस्टिंगवाले) हे असे बग फार छान शोधतात, "कधीकधी दिसत नाही" असं शीर्षक टाकून. माझं मत स्पष्ट आहे, लिंकला आयडीच द्या. कॅशिंग एम्बर डेटाला (एम्बरच्या डेटा सांभाळणाऱ्या लायब्ररीला) करू दे, राउटरच्या जिवावर कॅशिंग करू नका.

तीच लिंक परत दाबली तर काय? काहीच नाही. दोन्ही साखळ्या सारख्या, फाटाच फुटला नाही, मग करायचं काय. क्लार्कला वाटतं "देवघेव" वर परत क्लिक केलं की यादी ताजी होईल, होत नाही. त्याला राउटवर रिफ्रेश नावाची मेथड आहे, ती त्या राउटपासून खालचं सगळं जुनं ठरवते आणि तिथून खाली हुक परत चालवते. आणि अजून एक, ट्रान्झिशन चालू असतानाच दुसरं सुरू झालं तर तुलना स्क्रीनवरच्या साखळीशी होत नाही, जी येऊ घातलीये तिच्याशी होते. म्हणून घाईघाईत डबल क्लिक केलं तरी दोनदा डेटा आणला जात नाही. 41 दाबून लगेच 42 दाबलं तर 41 वालं ट्रान्झिशन रद्द होतं, त्याचं उत्तर उशिरा आलं तरी कोणी विचारत नाही. नेटवर्कवरची रिक्वेस्ट मात्र आपोआप थांबत नाही हां, ती जाऊन परत येते, फक्त तिचं काही होत नाही.

एडिट मोडवाला प्रश्न. 41 वरून 42 वर गेलो, सभासद राउट तोच, फक्त मॉडेल बदललं. अशा वेळी राउटर त्या राउटला बाहेर काढून परत आत घेत नाही. डीॲक्टिव्हेट लागत नाही, ॲक्टिव्हेटही नाही, नुसतं सेटअप-कंट्रोलर नव्या मॉडेलने चालतं. कंट्रोलर तर सिंगलटन, आख्ख्या ॲपच्या आयुष्यात एकच. टेम्प्लेटही तेच, त्यातले कंपोनंट (स्क्रीनचे सुटे तुकडे) तेच, त्यांना फक्त नवीन आर्ग्युमेंट मिळतात. मग कंट्रोलरवर "एडिट चालू" असं ट्रू करून ठेवलेलं असेल तर ते ट्रूच राहणार, कुलकर्ण्यांचा फॉर्म उघडा ठेवून शेखांच्या नावावर क्लिक केलं तर शेखांचाही फॉर्म उघडा. आणि कंपोनंटच्या कन्स्ट्रक्टरमधे आर्ग्युमेंटवरून काही कॉपी करून घेतली असेल तर मग गंमतच, फॉर्मवर शेखांचं नाव आणि आत कुलकर्ण्यांचा फोन नंबर, सेव्ह दाबलं की कार्यक्रम. हे खरंच डेटा खराब करतं, म्हणून हलक्यात घेऊ नका.

याला रिसेट-कंट्रोलर हुक आहे, त्याला दुसरं आर्ग्युमेंट मिळतं की राउट खरंच बंद होतोय की नुसतं मॉडेल बदलतंय. बरेच जण कागदपत्रातलं उदाहरण जसंच्या तसं उचलतात, त्यात "बंद होत असेल तरच" अशी अट असते, आणि मग म्हणतात रिसेट चाललंच नाही. अट काढा, दोन्ही वेळा साफ करा. किंवा त्याहून बरं, अशी स्थिती कंट्रोलरवर ठेवूच नका, एडिट हा वेगळा राउट करा, मग यूआरएलमधेच दिसतं आणि बॅक बटणही नीट चालतं. लोक ईच हेल्पर (यादीवर फिरणारा) एका आयटमच्या ॲरेवर की (key) देऊन चालवतात आणि कंपोनंट मुद्दाम नव्याने बनवायला लावतात, तेही चालतं, बघायला जरा विचित्र दिसतं इतकंच.

लोडिंगचं प्रकरण यापेक्षा जास्त मजेशीर आहे. मॉडेलचं प्रॉमिस लगेच सुटलं नाही तर राउटर लोडिंग नावाचा इव्हेंट सोडतो आणि तो खालून वर जातो, वाटेत कुठे लोडिंगचं टेम्प्लेट सापडलं की तात्पुरतं तिथे जातो, यूआरएल न बदलता. पहिला घोळ नावात. सभासदचं मॉडेल हळू असेल तर सभासदच्या फोल्डरमधे लोडिंग ठेवून उपयोग नाही, कारण सभासदचंच टेम्प्लेट अजून आलेलं नाही तर त्याच्या आउटलेटमधे लोडिंग दाखवणार कसं. ते शाखाच्या फोल्डरमधे हवं, लोडिंग म्हणून किंवा सभासद-लोडिंग म्हणून. सभासदच्या फोल्डरमधलं लोडिंग हे त्याच्या पोरांसाठी, म्हणजे देवघेव हळू असेल तेव्हा.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. हा इव्हेंट पिव्हटच्या वर जात नाही. तुम्ही ॲप पहिल्यांदा उघडलं तर पिव्हटच नाही, सगळं नवीन, मग ॲप्लिकेशन-लोडिंगपर्यंत शोध जातो. पण शाखा 3 च्या आत एका सभासदावरून दुसऱ्यावर जाताना पिव्हट शाखा आहे, शाखाच्या आउटलेटमधे दाखवायला लोडिंग नसेल तर शोध तिथेच संपतो आणि जुनं पान तसंच बसून राहतं. म्हणून तेच टेम्प्लेट पहिल्या लोडला दिसतं आणि नंतर दिसत नाही. मला हा निर्णय पटतो, आतलं एक पान बदलतंय म्हणून अख्खी स्क्रीन पांढरी करायची गरज नाही. एररचं मात्र असं नाही, एरर थेट वरपर्यंत जातो, पकडणारा कोणी मिळेपर्यंत.

आणि तिसरी गोष्ट जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. लोडिंगमधे जाणं हेसुद्धा खरोखरचं जाणं आहे. म्हणजे 41 वरून 42 वर जाताना मधे शाखाचं लोडिंग लागलं तर सभासद राउट खरंच बंद होतो, डीॲक्टिव्हेट लागतं, टेम्प्लेट उतरवलं जातं, कंपोनंट मरतात, आणि मग 42 साठी परत नव्याने चढतं. आठवतंय ना वर काय लिहिलं, मॉडेल बदललं तर डीॲक्टिव्हेट लागत नाही. लोडिंगचं टेम्प्लेट असेल आणि मॉडेल यायला वेळ लागला तर लागतं. 42 आधीच स्टोअरमधे (एम्बर डेटाच्या साठ्यात) असल्यामुळे प्रॉमिस लगेच सुटलं तर लोडिंग येत नाही, आणि मग नाही लागत. तर कंपोनंटमधे जुना फोन नंबर राहण्याचा तो बग पहिल्यांदाच उघडलेल्या सभासदावर गायब होतो आणि आधी पाहिलेल्या सभासदावर परत गेलं की दिसतो. असा बग ज्याच्या वाट्याला येतो त्याचे दोन दिवस कुठे जातात कळत नाही.

लॉगिनचं आता सोपं आहे. सगळी आतली पानं एका वरच्या राउटच्या पोटात घालायची, त्याचा पाथ नुसता स्लॅश, आणि त्याच्या बिफोर-मॉडेलमधे सेशन आहे का बघायचं, नसेल तर ट्रान्झिशन जपून ठेवून लॉगिनकडे पाठवायचं आणि लॉगिन झालं की जपून ठेवलेल्यावर रिट्राय म्हणायचं, माणूस बरोबर जिथे जाणार होता तिथे पोचतो. सुंदर आहे हे, अजूनही आवडतं. पण तो वरचा राउट एकदा आत शिरल्यावर पिव्हटच्या वरच राहतो, त्यामुळे आत कितीही फिरा, बिफोर-मॉडेल परत चालत नाही. दुपारी सेशन संपलं तरी राउटरला पत्ता नाही. म्हणजे तो दारावरचा चेक आहे, आतली गस्त नव्हे. सेशन संपल्याचं एपीआयच्या 401 वरूनच (लॉगिन नाही असं सांगणाऱ्या कोडवरूनच) कळणार, आणि ते त्याच वरच्या राउटच्या एरर ॲक्शनमधे पकडायचं. आणि खरी परवानगी सर्व्हरच तपासतो, हे काय वेगळं सांगायला नको.

रीडायरेक्टचंही तसंच. शाखा उघडली की थेट पहिल्या सभासदाकडे पाठवायचं असेल तर लोक शाखाच्या आफ्टर-मॉडेलमधून पाठवतात आणि मग नेटवर्क टॅबमधे शाखेची रिक्वेस्ट दोनदा दिसते. कारण आफ्टर-मॉडेल चालू असताना शाखा राउट पूर्ण झालाय असं राउटर धरत नाही, नवं ट्रान्झिशन सुरू झालं की तो परत पहिल्यापासून. रीडायरेक्ट नावाचा वेगळा हुक आहे तो यासाठीच, तो लागतो तेव्हा राउट पूर्ण झालेला असतो, मग वरचं काही परत चालत नाही. पण तो हुक /शाखा/3/सभासद/41 वर थेट आलात तरी लागतो, आणि मग 41 बघायला आलेला माणूस पहिल्या सभासदाकडे फेकला जातो, म्हणून असलं सगळं शाखा.इंडेक्समधे ठेवलेलं बरं.

अर्धवट भरलेला फॉर्म सोडून जाताना विचारायचं असेल तर विल-ट्रान्झिशन ॲक्शन, ती जुन्या साखळीत खालून वर जाते, तिथे ट्रान्झिशनला ॲबॉर्ट म्हणा. लिंकवरून जात असेल तर छान चालतं. बॅक बटण दाबलं असेल तर ब्राउझरने यूआरएल आधीच बदललेली असते, त्यामुळे पान जुनं आणि वर यूआरएल नवीन असं दिसू शकतं, ते लक्षात ठेवून हाताळा.

एक तक्रार मात्र आहेच. वरून खाली एकेक करत मॉडेल आणणं महाग पडतं. तीन पातळ्या, प्रत्येकीला 400 मिलिसेकंद, म्हणजे पहिल्या लोडला सव्वा सेकंदाच्या आसपास नुसतं रांगेत उभं राहण्यात, आणि तालुक्याच्या शाखेतलं नेट म्हणजे 400 तर नशीब. रिॲक्ट राउटरने सुरुवातीला एम्बरच्या राउटरकडून बरंच घेतलं, त्यांच्या रीडमीमधे तसे आभारही मानलेले होते, पण 6.4 मधे त्यांनी लोडर (डेटा आणणारी फंक्शनं) आणले ते सगळ्या पातळ्यांचे एकदम सुटतात. एम्बरमधे खालच्याला मॉडेल-फॉर वापरून वरच्याचं मॉडेल मिळतं, मॉडेल तयारच असेल याची खात्री असते, ही सोय त्या रांगेमुळेच आहे, पण दहातल्या आठ वेळा खालच्याला फक्त वरचा आयडी हवा असतो आणि तो तर पॅराम्स-फॉरमधून आधीच मिळतो. उपाय म्हणजे वरच्या मॉडेल हुकमधून प्रॉमिस थेट परत न देता एका ऑब्जेक्टच्या आत ठेवून द्यायचं, राउटर फक्त बाहेरचं बघतो, आतल्यासाठी थांबत नाही. मग टेम्प्लेटमधे लोडिंग-एररचं तुमचं तुम्ही बघायचं.

आणि यातलं काही पडताळून बघायचं असेल तर एन्व्हायर्नमेंटच्या कॉन्फिग फाइलमधे डेव्हलपमेंटच्या भागात लॉग-ट्रान्झिशन्स आणि लॉग-ट्रान्झिशन्स-इंटर्नल अशा दोन ओळी कॉमेंट करून ठेवलेल्या असतात, त्या उघडा. कन्सोलमधे प्रत्येक राउटचा प्रत्येक हुक ओळीने छापून येतो, कुठल्या राउटपासून सुरू झालं ते बघितलं की पिव्हट कोण होता ते लगेच कळतं.